आयर्विनला किती?

या प्रकरणातली नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी घरच्यांची परवानगी घेतली. सायलीने मसुदा वाचला आणि दोन ठिकाणी "बाई, हे असं नव्हतं" म्हणाली. तिथे तिचं म्हणणं ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

सांगलीच्या गावभागातलं घर. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. आई घरी ब्लाउज शिवते. लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालू असतं. आजी, आणि २०२४ मध्ये १८ वर्षांची सायली आणि १४ वर्षांचा ओंकार. ओंकारला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. बोलण्यात शब्द मोजके, पण आकडे सगळे येतात. मी त्याची विशेष शिक्षिका. तो सहा वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत लहान पोरालाही पाठ असतं. यांच्या घरात कमरेच्या वर पाणी आलं. सगळे विश्रामबागेत मामांकडे गेले. एका खोलीत अकरा माणसं, ओंकारची रोजची चटई नाही, त्याचा स्टीलचा पेला नाही, दिवेही गेलेले. नऊ वर्षांचा तो पोरगा दोन दिवस भिंतीवर डोकं आपटत होता. तेव्हा तेरा वर्षांच्या सायलीने वहीच्या पानावर पूल काढला, खांबावर फुटांच्या खुणा केल्या आणि पाण्याचा नवा आकडा कळला की तिथपर्यंत निळ्या पेनाने रंगवायला लागली. पाणी कुठे आहे आणि आपण कुठे आहोत, हे त्याला त्या कागदावर दिसलं. निळा रंग खाली यायला लागला तसा तो निवळत गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात रोज संध्याकाळी त्याचा एक प्रश्न ठरलेला: "ताई, आयर्विनला किती?"

सायलीला नगररचना शिकायची होती, आणि त्याचं मूळ त्याच पुरात आहे असं ती सांगते. आपल्या गल्लीत पाणी कुठल्या बाजूने शिरलं, कुठला ओढा बुजवून त्यावर घरं झाली, याची तिने अकरावीत असताना वही केली होती. तिला हवा तो अभ्यासक्रम पुण्यात होता, आणि सीईटीत तेवढे गुणही पडले होते.

अडचण

जुलै २०२४. प्रवेशफेरीचा पसंतीक्रम भरायला दोन दिवस उरले होते. वडील शाळेत आले आणि सायबर कॅफेतून काढलेली प्रिंट त्यांनी माझ्यापुढे ठेवली. सायलीने भरलेल्या पहिल्या तिन्ही जागा सांगलीतल्या, त्याही तिला नको असलेल्या शाखांच्या. पुणे चौथं.

या प्रवेशप्रक्रियेत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. सायलीच्या गुणांना सांगलीतली ती पहिली जागा हमखास मिळणार होती. म्हणजे घरात एक शब्दही न बोलता तिने निर्णय घेऊन टाकला होता.

मी तिघांशी वेगवेगळं बोलले. आई म्हणाली, "मी तिला एकदाही राहा म्हटलेलं नाही हो बाई." ते खरं होतं. पण तिने जा असंही म्हटलं नव्हतं, आणि मुलगी त्या एका शब्दाची वाट बघत होती. वडील म्हणाले, "आमच्यामागं त्याचं कोण? हीच की. मग आत्तापासून लांब गेली तर कसं व्हायचं?" सायलीला विचारलं तर ती हसून म्हणाली, "मी गेल्यावर त्याला आयर्विन कोण सांगणार?" आणि मग तिला पुढचं बोलता आलं नाही.

अशा घरांमधली थोरली भावंडं मी बरीच पाहिली आहेत. ती लवकर शहाणी होतात, हट्ट करत नाहीत, आजारीसुद्धा गपचूप पडतात. सगळे त्यांना "किती समजूतदार" म्हणतात, आणि त्या कौतुकाच्या आड त्यांच्याकडे बघायचं राहून जातं. सायलीच्या बाबतीत माझ्याकडूनही ते राहिलं होतं. आठ वर्षं ती भावाला शाळेत सोडायला येत होती आणि बारावीला तिने कोणते विषय घेतले होते, हे मला त्या दिवशी कळलं.

कोणते पर्याय होते

चार निघाले. सांगलीतच दुसऱ्या शाखेत प्रवेश घ्यायचा. एक वर्ष थांबायचं, तोवर ओंकारची तयारी करायची. आईने ओंकारला घेऊन पुण्यात खोली करायची. किंवा सायलीने एकटीने जायचं.

पुण्यात बिऱ्हाड करण्याची कल्पना आत्याची. तिथे उपचारांच्या सोयी जास्त, हे तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण दोन घरांचा खर्च दिवाणजींच्या पगारात बसत नव्हता. शिवाय एक बहीण लांब जाऊ नये म्हणून ओंकारची शाळा, गल्ली, आजी, वडील आणि पूल असं सगळंच एकदम सुटलं असतं. तो पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

वर्षभर थांबण्याचा पर्याय वडिलांना पटत होता. मला नाही. कारण त्या वर्षात कोण, काय, कसं करणार, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. पुढच्या जुलैत आम्ही तिथेच उभे असतो, फक्त सायली आणखी खचलेली असती.

राहिले दोन. इथे मी त्यांना एक काम दिलं. सायली ओंकारसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करते, ते तिने एका कागदावर लिहायचं, आणि आईने तिला न विचारता दुसऱ्या कागदावर लिहायचं.

आईच्या कागदावर १२ गोष्टी होत्या. सायलीच्या कागदावर ३१.

त्या एकोणीस गोष्टी आईला माहीतच नव्हत्या. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटते. नव्या शर्टाच्या कॉलरमागचं लेबल उसवून टाकते, कारण ते टोचलं की तो शर्ट फाडतो. भाकरी त्याच्यासमोर मोडत नाही, आतून चार तुकडे करून आणते. रविवारी नखं कापताना दहापासून उलटे आकडे मोजते. रिक्षावाले काका बदलणार असतील तर आदल्या रात्री नव्या काकांचा फोटो दाखवते. गणपतीत मिरवणुकीचा ढोल-डीजे सुरू व्हायच्या आत त्याला मागच्या खोलीत नेऊन मोठा पंखा लावते. आई तो कागद बराच वेळ वाचत बसली आणि म्हणाली, "मला वाटायचं, पोरगं आता जरा शांत झालंय."

मला वाटतं निर्णय तिथेच झाला. सायली जाणार याची जी भीती घरात होती, ती तोवर नुसती भीती होती. आता तिच्या ३१ ओळी झाल्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक नाव लिहिता येत होतं. मुदत संपायच्या आदल्या रात्री आईने स्वतः सायलीला मोबाईल दिला आणि म्हणाली, "पुणं वर घाल."

काय केलं

जायला सहा आठवडे मिळाले. ३१ पैकी नऊ गोष्टी आईने घेतल्या, सात वडिलांनी, चार आजीने. वडिलांच्या वाट्याला नखं, केस कापायला नेणं आणि शाळेची रिक्षा आली. त्यांनी आजवर यातलं काहीही केलेलं नव्हतं. पहिल्या रविवारी नखं कापताना ओंकारने त्यांच्या हाताला चावा घेतला. दुसऱ्या रविवारी सायली शेजारी बसून आकडे मोजत होती. चौथ्या रविवारी वडील एकटेच मोजत होते. वडिलांना हे जमणार नाही असं सगळ्या घराने इतकी वर्षं धरून चाललं होतं, त्यांनी स्वतःसुद्धा.

आठ गोष्टी अशा निघाल्या की त्या ओंकारला शिकवता येत होत्या. कुकर गॅसवर चढला की कानाला लावायचे, आवाज कमी करणारे इअरमफ त्याच्या हाताशी खुंटीवर ठेवले. तीन आठवड्यांत तो स्वतः घ्यायला लागला. हे आधी का सुचलं नाही? सुचायची गरजच पडली नव्हती, ताई होती ना.

उरलेल्या तीन गोष्टींचं काहीच करता आलं नाही. त्यांतली एक म्हणजे झोपताना तो तिच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून ठेवायचा. सायलीने ती ओढणी ठेवून जायचं ठरवलं.

ओंकारला सांगायचं कसं, यावर घरात खरा वाद झाला. मावशीचं म्हणणं होतं, तो झोपेत असताना पहाटेच्या एसटीने निघून जा, रडारड नको. आजीलाही ते बरं वाटत होतं. मी ठाम विरोध केला. सकाळी उठल्यावर माणूस नाहीसा झालेला, आणि तो कुठे गेला हे विचारायला शब्द नाहीत, अशी जागा मला त्या मुलाला द्यायची नव्हती. असं एकदा झालं की पुढे कुणी झोपायला सांगितलं तरी त्याची भीती वाटते.

म्हणून पुन्हा चित्र काढलं. एका टोकाला सांगली, आयर्विन, घर. दुसऱ्या टोकाला पुणे, हॉस्टेलची खाट. मध्ये रस्ता आणि लाल एसटी. सायलीचा एक फोटो कापून त्याला मागे वेल्क्रो लावलं आणि रोज संध्याकाळी तो फोटो सांगलीवरून पुण्याला न्यायचा, परत आणायचा, असा सराव केला. चौथ्या दिवशी ओंकारने फोटो पुण्यावरून उचलून घरावर घट्ट दाबून धरला आणि सोडेना. त्याला कळलं होतं. सायली आत जाऊन रडली, आई तिच्यामागे गेली. मी ओंकारजवळ बसून राहिले. त्याला नको आहे हे सांगायचा त्याला पूर्ण हक्क होता, आणि तरी ताई जाणार होती. या दोन्ही गोष्टी त्याच्यापुढे खऱ्या ठेवायच्या होत्या.

निघायच्या दिवशी वडील त्याला स्टँडवर घेऊन गेले. स्वारगेटच्या गाडीचा नंबर त्याने दोनदा वाचला. गाडी सुटली तेव्हा तो रडला नाही. घरी येऊन फोटो स्वतः पुण्यावर लावला.

पहिले दोन महिने

पहिल्या रात्री त्याने नेहमीसारखी पाच ताटं मांडली. आईने एक उचललं तर त्याने परत ठेवलं. मी सुचवलं की सायलीचं ताट तिच्या जागी उपडं ठेवा. आजी माझ्यावर चिडल्या: "उपडं ताट कसलं ठेवताय, अशुभ ते!" त्यांचं बरोबर होतं, मी फक्त खुणेचा विचार केला होता. मग आजींनीच मार्ग काढला. ताटाळ्यात अगदी कडेची खाच सायलीच्या ताटाची ठरवली. जेवायच्या आधी ओंकार ते ताट उचलतो, "ताई पुणे" म्हणतो आणि त्या खाचेत ठेवतो. अजूनही.

सात वाजताचा फोन ठरलेला होता. पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉल केला तर तो फोनच्या मागे जाऊन ताईला शोधायला लागला आणि मग त्याने फोन फेकला. दुसऱ्या दिवसापासून नुसता आवाज ठेवला. फोन उचलला की "आयर्विनला किती?" सायली हॉस्टेलवरून मोबाईलवर आकडा बघून सांगायची. तो आकडा घोकायचा आणि फोन ठेवून द्यायचा. अर्ध्या मिनिटाचं बोलणं, पण रोज.

झोप मात्र गेली. नऊ रात्री तो दोन-अडीचला उठून दाराशी बसायचा. हाताला चावून मनगट सुजलं होतं. आईने सायलीला यातलं काही सांगितलं नाही, "बरा आहे" एवढंच. दहाव्या दिवशी शेजारच्या काकूंनी फोनवर सहज सांगून टाकलं. सायलीने आईला विचारलं, "मग रोज सात वाजता तू मला खोटं सांगत होतीस?" पुढे आठवडाभर तिला आईच्या कुठल्याच शब्दावर विश्वास बसेना. हे आम्ही आधी ठरवायला हवं होतं. मग ठरवलं: दर बुधवारी वडील तिला खरं काय ते सांगतील, वाईट असलं तरी. बाकीचे दिवस तिने विचारायचं नाही.

सप्टेंबरमध्ये गणपतीला तिने न सांगता घरी यायचं ठरवलं, त्याला आनंद होईल म्हणून. दारात ताईला बघून ओंकार ओरडत मागच्या खोलीत पळाला. भिंतीवरच्या चित्रात ताई पुण्यात होती आणि प्रत्यक्षात दारात. त्याच्या नजरेने पाहिलं तर सगळा नकाशाच खोटा ठरला होता. त्याला सावरायला दीड दिवस लागला, आणि सायलीला त्याहून जास्त.

ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या मध्यावर सायलीचा मला फोन आला. "बाई, मी परत येते." अभ्यासाचं काही असेल असं वाटलं. बराच वेळ बोलल्यावर खरं निघालं. हॉस्टेलच्या पहिल्या दिवशी खोलीतल्या मुलींनी भावंडांबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "एक भाऊ आहे, नववीत." वयाने तो नववीतच असता. त्या एका वाक्यानंतर तिला दोन महिने खोलीत ओंकारशी बोलता येत नव्हतं. सात वाजले की ती फोन घेऊन जिन्यात जायची. भावाला लपवलं याची टोचणी तिला घर सोडल्याच्या दुःखापेक्षा जास्त छळत होती.

मी तिला राहा किंवा ये, काहीच म्हटलं नाही. इतकंच म्हणाले की पंधरा दिवस थांबून ठरव, आणि त्याआधी एक फोन खोलीतून कर. तिने केला. फोन ठेवल्यावर शेजारच्या खाटेवरच्या मुलीने विचारलं, "आयर्विन म्हणजे काय?" सायलीने तिला पूर, पूल, ओंकार सगळं सांगितलं. त्या मुलीचा चुलतभाऊ तसाच आहे म्हणे. परत यायचं बोलणं पुन्हा निघालं नाही.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली, जी आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हती. पावसाळा संपला आणि पाण्याचा रोजचा आकडा मिळेनासा झाला. ओंकार फोनवर विचारायचा आणि सायलीकडे सांगायला काहीच नसायचं. तिसऱ्या दिवशी तिने त्याऐवजी आपल्या बसचा नंबर सांगितला. आता प्रश्न असतो, "ताई, बस किती?" नंबर ऐकला की तो कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहितो.

पुन्हा करायचं तर

कॅलेंडरचीच चूक माझी आहे. दिवाळीच्या चौकोनात मी ताईचा फोटो लावला आणि रोज एक फुली मारायला शिकवलं. परीक्षा लांबली, सायली दोन दिवस उशिरा आली. त्या दोन दिवसांत ओंकारने कॅलेंडर फाडलं आणि आईच्या हातावर ओरखडे उठवले. 'बदल' असं एक कार्ड मी पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं होतं: पिवळा चौकोन, त्यावर उलटा फिरणारा बाण. आधी छोट्या बदलांवर, भाजी बदलली, वाट बदलली, आणि मग मोठ्यांवर. ते आम्ही डिसेंबरात शिकवलं. जानेवारीत तिचं येणं रद्द झालं तेव्हा पिवळं कार्ड लावलं. तो रुसला, जेवला नाही, पण झोपला.

कामांची यादी बारावीनंतर करायची गोष्टच नव्हती. सायली दहावीत असतानाच ती करायला हवी होती, आणि ती मागायचं काम शिक्षिका म्हणून माझं होतं. आता माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या थोरल्या भावंडाशी मी वर्षातून एकदा स्वतंत्र बसते. पंधरा मिनिटं, आणि त्यातली पहिली दहा त्याच्याबद्दल किंवा तिच्याबद्दल.

वडिलांचा प्रश्न, "आमच्यामागं कोण," तो तसाच होता. त्यावर दिवाळीच्या सुट्टीत सगळे बसलो. ओंकार २०२८ मध्ये १८ वर्षांचा होईल. त्यानंतर आई-वडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आई-वडील अर्ज करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. बहिणीच्या नावावर ते आपसूक चढत नाही. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची; ती यांनी घेतलीच नव्हती. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र होतं, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) करायचं राहिलं होतं. ही कामं वडिलांनी अंगावर घेतली आणि मार्चपर्यंत दोन्ही मार्गी लावली.

त्या बैठकीत वडिलांनी वहीत "पालक:" असं लिहून पुढे जागा सोडली आणि सायलीकडे बघितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, तुमचं आणि आईचं लिहा. माझं मला २०२८ मध्ये विचारा. तेव्हा मी हो म्हणेन असं वाटतंय, पण तेव्हा विचारा."

वडिलांनी तसंच लिहिलं, खाली तारीख घातली. ओंकारने वही ओढून घेतली, २०२८ वर बोट ठेवलं आणि तो आकडा मोठ्याने वाचला.